फळा कोणाचा?

मुंबईच्या उपनगरांत जून उजाडला कीं शाळांची लगबग सुरू होते. फळ्यांस काळा रंग द्यावा, खडू मोजून घ्यावे, पटावर नवीं नांवें चढवावीं, कीं शाळा सज्ज झाली, असा पूर्वापार परिपाठ. १५ जून २०२० रोजीं महाराष्ट्रांत नवें शैक्षणिक वर्ष सुरू झालें, तेव्हां मात्र करोनाच्या सांथीमुळें वर्गांना कुलपें होतीं. शिक्षकांनीं पटावरील नांवांपुढें पालकांचे मोबाइल क्रमांक लिहिले आणि व्हॉट्सॲपवर वर्ग मांडले.

शाळेचा फळा शाळेच्या मालकीचा असतो. हा नवा फळा मुलांच्या वडिलांच्या खिशांत होता! घाटकोपरच्या टेकडीवरील एखाद्या खोलींत मोबाइल एक आणि शिकणारीं भावंडें तीन. वडील कामाला निघाले, कीं शाळाही त्यांच्याबरोबर टेकडी उतरे. शालेय नभोवाणीच्या काळीं रेडिओचा एक संच साऱ्या वर्गास पुरत असे, हें येथें ध्यानांत घेण्याजोगें आहे. २० जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीच्या मुलांसाठीं ‘टिलीमिली’ ही मालिका सुरू झाली. दूरदर्शनचा संच निदान घरांत तरी राहतो, आणि त्यास इंटरनेट लागत नाहीं.

मुंबईंत आठवी ते बारावीचे वर्ग ४ ऑक्टोबर २०२१ रोजीं उघडले. पहिली ते सातवीसाठीं १५ डिसेंबर उजाडावा लागला. २०२० च्या जूनांत पहिलींत नांव घातलेल्या मुलानें वर्गांतला फळा पाहिला, तो दुसरींत गेल्यावर.