कथावत्थुची वादरीती आणि वॉर्साचे तर्कशास्त्र

पोलंड या देशाचे नाव निघाले की महाराष्ट्रातील अनेकांना कोल्हापूरजवळचे वळिवडे आठवते. दुसऱ्या महायुद्धात परागंदा झालेली सुमारे पाच हजार पोलिश माणसे १९४३ ते १९४८ या काळात तेथील छावणीत राहिली. त्या देशाशी आपला आणखी एक संबंध आहे. तो त्याहून दहा वर्षे जुना असून अभिधम्मपिटकातील कथावत्थु या ग्रंथामुळे जडलेला आहे. पालीच्या अभ्यासकांतही त्याची फारशी चर्चा होत नाही, म्हणून प्रस्तुत लेखात आम्ही तो विषय घेत आहोत.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बुद्धवचन ओळखण्याची एक कसोटी दिली आहे. भगवान बुद्ध बुद्धिवादी होते, तर्कशुद्ध होते. तेव्हा जे बुद्धीला व तर्काला धरून आहे ते त्यांचे वचन मानण्यास प्रत्यवाय नाही, असा तिचा आशय आहे. ही कसोटी आपण व्यासपीठावरून वारंवार सांगतो, परंतु तर्काला धरून असणे म्हणजे नेमके काय, हा प्रश्न क्वचितच विचारतो. परभणी जिल्ह्यातील विहारांत वर्षावासात या ग्रंथाचे वाचन चालते, तेव्हा श्रोत्यांकडून हमखास एक शंका येते : आत्मा नाही, तर कर्माचे फळ भोगतो कोण? बाबासाहेबांनीही ग्रंथाच्या प्रास्ताविकात आत्मा, कर्म व पुनर्जन्म यांचा परस्परमेळ हा एक प्रमुख प्रश्न म्हणून नोंदविला आहे. कथावत्थुचे पहिले प्रकरण याच प्रश्नाला वाहिलेले आहे. ते उत्तर तर देतेच. परंतु वाद कसा करावा, याचा पाठही त्यात आहे.

हा पाठ आधुनिक तर्कशास्त्राच्या दृष्टीने प्रथम वाचला तो वॉर्सामध्ये. काझिमीएझ त्वार्दोव्स्की यांनी १८९५ पासून ल्वूव (आजचे युक्रेनमधील ल्विव) येथे तत्त्वज्ञान शिकविण्यास प्रारंभ केला. जे म्हणायचे ते स्पष्ट म्हणा, आणि जे म्हटले त्याचे कारण द्या, एवढीच त्यांची शिस्त होती. या शिस्तीतून जी परंपरा वाढली ती ल्वूव-वॉर्सा संप्रदाय म्हणून ओळखली जाते. यान वुकाशेविच, लेश्न्येव्स्की, टार्स्की ही त्यातील जगप्रसिद्ध नावे होत. यांपैकी वुकाशेविच आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे. अ‍ॅरिस्टॉटलचे तर्कशास्त्र पदांचे आहे : ‘माणूस’, ‘मर्त्य’ अशा पदांचा परस्परसंबंध ते पाहते. प्राचीन ग्रीसमधील स्टोइकांचे तर्कशास्त्र निराळे आहे. ते पूर्ण विधाने घेते आणि ‘जर पहिले, तर दुसरे’ अशी त्यांची जुळणी तपासते. स्टोइकांना दीर्घकाळ अ‍ॅरिस्टॉटलचे निकृष्ट अनुयायी समजले गेले होते. वुकाशेविच यांनी त्यांची स्वतंत्रता १९२० च्या दशकापासून दाखवून दिली व १९३४ साली त्यावर निबंध लिहिला. हाती नवे साधन आले म्हणून जुन्या ग्रंथात दडलेली गोष्ट दिसू लागली, असा हा प्रकार होता.

वॉर्सा विद्यापीठात त्याच सुमारास स्तानिस्वाव शायर (१८९९–१९४१) हे भारतविद्येचे अध्यापन करीत होते. जर्मनीत शिकलेल्या शायर यांनी १९३२ साली तेथे प्राच्यविद्या संस्था स्थापन केली. चंद्रकीर्तीच्या प्रसन्नपदेतील निवडक प्रकरणांचा त्यांनी केलेला जर्मन अनुवाद १९३१ मध्ये क्राकूव येथून निघाला होता. भारतीय अनुमानाला अ‍ॅरिस्टॉटलच्या संवाक्याच्या साच्यात कोंबण्याची युरोपीय पद्धत त्यांना मान्य नव्हती. ते सांगणारा लेख त्यांनी १९३२ साली लिहिला. पुढील वर्षी, १९३३ साली, दुसरा लेख आला आणि त्यात त्यांनी थेट कथावत्थुला हात घातला. विधानांच्या तर्कशास्त्राची पूर्वचाहूल या पाली ग्रंथात आहे, हे त्यांचे प्रतिपादन होते.

आता मूळ ग्रंथाकडे वळू. परंपरेनुसार अशोकाच्या काळात, इ. स. पू. तिसऱ्या शतकात, पाटलिपुत्राच्या तिसऱ्या संगीतीत मोग्गलिपुत्त तिस्स थेरांनी कथावत्थु सांगितला. ग्रंथाची वाढ पुढेही होत राहिली असावी, असे अभ्यासक मानतात. त्यात तेवीस वग्ग असून दोनशेहून अधिक वादविषय आहेत. पहिली कथा पुग्गलकथा. येथील प्रतिपक्षी कोणी ब्राह्मण नव्हे, तो बौद्धच आहे. अट्ठकथा त्याला वज्जिपुत्तक व सम्मितीय निकायांचा म्हणते. खंधांहून भिन्नही नाही आणि अभिन्नही नाही असा ‘पुग्गल’ तो मानतो.

थेरवादी त्याला विचारतो की, पुग्गल परमार्थाने उपलब्ध होतो काय? तो होकार देतो. मग दुसरा प्रश्न येतो : जे खरोखर परमार्थ आहे ते ज्या रीतीने उपलब्ध होते, त्याच रीतीने पुग्गलही उपलब्ध होतो काय? येथे तो नकार देतो. लगेच त्याचा निग्गह होतो. पहिले म्हणायचे असेल तर दुसरेही म्हटले पाहिजे. पहिले म्हणता येते आणि दुसरे म्हणता येत नाही, हे तुमचे बोलणे मिथ्या. दुसरे म्हणता येत नसेल तर पहिलेही म्हणता येत नाही. एकच गोष्ट तीन वेळा घोळल्यासारखी वाटते, आणि विद्यार्थी येथेच कंटाळून पुस्तक मिटतात. शायर यांनी नेमके या पुनरुक्तीकडे पाहिले. ‘जर क तर ख’; ‘क आणि ख-नाही हे एकत्र चालत नाही’; ‘ख नाही तर क नाही’. ही तीन विधाने समबल आहेत, हे विधानांच्या तर्कशास्त्रातील पायाभूत सत्य होय, आणि कथावत्थुत ती एका ठरीव क्रमाने शेकडो वेळा येतात.

साधे उदाहरण घेऊ. गोदावरीला मोठा पूर आला असेल, तर गंगाखेडचा घाट पाण्याखाली गेला पाहिजे. पूर आला पण घाट कोरडा, असे म्हणता येणार नाही. घाट कोरडा असेल, तर पूर आला नाही. नदी आणि घाट यांच्या जागी दुसरे काहीही ठेवा, चौकट ढळत नाही. चौकट आशयापासून वेगळी काढून वापरणे हेच आकारिक तर्कशास्त्राचे बीज होय.

परंतु येथे थोडे थांबले पाहिजे. सर्व काही आमच्या ग्रंथांत आधीच होते, अशी बढाई आपण इतरांच्या तोंडून पुरेशी ऐकली आहे. तिचा बौद्ध अवतार आम्हांला नको आहे. कथावत्थुत नियम वापरला आहे, पण सांगितलेला नाही. ‘क’ आणि ‘ख’ यांसारखी चिन्हे त्यात नाहीत, नियमाचे नावही नाही. शायर यांनी लेखाच्या शीर्षकात ‘पूर्वचाहूल’ या अर्थाचाच शब्द योजला होता, ही गोष्ट लक्षात घ्यावी. त्यांच्यानंतर पोलंडचेच बोखेन्स्की यांनी १९५६ साली आकारिक तर्कशास्त्राचा इतिहास जर्मनमध्ये लिहिला आणि त्यात भारताला स्वतंत्र विभाग देऊन कथावत्थुची दखल घेतली. (ते वर्ष आपल्याला दुसऱ्या कारणाने ठाऊक आहे.) उलट जोनार्डन गनेरी यांनी २००१ मध्ये असे दाखविले की, हा ग्रंथ केवळ सूत्रांत मांडून संपत नाही. वादात कोणी काय कबूल केले आणि सिद्ध करण्याचे ओझे कोणावर, हे त्यात तितकेच महत्त्वाचे आहे. आम्हांला गनेरी यांचे म्हणणे मूळ पालीच्या अधिक जवळचे वाटते. पण शायर यांनी वाट पाडली नसती तर ही चर्चाच उभी राहिली नसती.

केसमुत्तिसुत्ताचा दाखला आपण सारे देतो. कालामांना सांगितलेल्या यादीत ‘तक्क’ही आहे, म्हणजे केवळ तर्कावर विसंबून काही स्वीकारू नका, असेही तेथे सांगितले आहे. अनेक वक्ते हा भाग गाळतात. कथावत्थुशी त्याचा विरोध नाही. निग्गह एवढेच दाखवितो की तुमची दोन विधाने एकत्र नांदत नाहीत; त्यांपैकी खरे कोणते, हे अनुभवाने आणि परिणामाने पाहावे लागते. बाबासाहेबांची कसोटीही ‘इतर गोष्टी समान असता’ या अटीवर आहे.

महाराष्ट्रात बौद्ध तर्कशास्त्राचे गंभीर काम झाले आहे. पुण्याचे प्रदीप गोखले यांनी धर्मकीर्तीचा वादन्याय (१९९३) आणि हेतुबिंदू (१९९७) इंग्रजीत अनुवादून विवरणासह प्रसिद्ध केले. मात्र लक्ष गेले ते मुख्यतः दिङ्नाग-धर्मकीर्तीच्या संस्कृत ग्रंथांकडे. पाली अभिधम्मातील वादरीती मागे राहिली.

वॉर्सामध्येही ते काम पुढे गेले नाही. शायर यांचे विद्यार्थी आर्नोल्ड कुन्स्ट यांचे तत्त्वसंग्रहातील बौद्ध तर्कशास्त्रावरील पुस्तक १९३९ साली निघाले, आणि त्याच वर्षी सप्टेंबरात जर्मन फौजा पोलंडमध्ये घुसल्या. विद्यापीठ बंद झाले, अध्यापन गुप्तपणे चालू राहिले. शायर यांचे डिसेंबर १९४१ मध्ये क्षयाने निधन झाले. वुकाशेविच युद्धानंतर डब्लिनला गेले, शायर यांचे दुसरे शिष्य रेगामे स्वित्झर्लंडला आणि कुन्स्ट इंग्लंडात.

पुग्गलकथेतील आणखी एका गोष्टीची नोंद करणे आवश्यक आहे. थेरवाद्याचा निग्गह झाल्यावर प्रकरण संपत नाही. ‘पटिकम्म’ नावाच्या पुढील भागात प्रतिपक्षी तीच चौकट हाती घेऊन थेरवाद्यालाच अडचणीत आणतो आणि आपला निग्गह योग्य रीतीने झाला नाही, असे ठणकावतो. ग्रंथकर्त्याला ते गाळता आले असते. पुग्गलवाद्यांचे स्वतःचे ग्रंथ बहुतांशी लुप्त झाले. थोडे काही चिनी भाषांतरांतून उरले आहेत. पालीत त्यांचा युक्तिवाद वाचायचा असेल, तर तो त्यांचे खंडन करणाऱ्या याच ग्रंथात वाचावा लागतो.