विरंजक चूर्ण: कापडापासून न्हाणीघरापर्यंत

पावसाळा सुरू झाला की न्हाणीघरातील टाइल्सच्या सांध्यांवर काळे ठिपके दिसू लागतात. ही बुरशी. ती घालवण्यासाठी आपण विरंजक चूर्ण, म्हणजे विहिरीत टाकतात तीच ब्लीचिंग पावडर, वापरतो. ठिपके जातात आणि थोड्याच दिवसांत परत येतात. असे का होते? उत्तरासाठी या चुर्णाचा इतिहास पाहू या.

१७७४ साली स्वीडनमधील रसायनशास्त्रज्ञ शील याने हायड्रोक्लोरिक आम्ल आणि मँगनीजचे एक खनिज एकत्र तापवले. त्यातून हिरवट पिवळा, घसा कोंडणारा वायू निघाला. पानाफुलांचा रंग तो उडवीत असे. हे मूलद्रव्य आहे असे ठरवून हम्फ्री डेव्हीने १८१० मध्ये त्याला ‘क्लोरीन’ हे नाव दिले.

त्या काळी युरोपात कापड पांढरे करण्यासाठी ते क्षारात उकळीत, आंबट ताकात भिजवीत आणि महिनोन्‌महिने कुरणावर उन्हात पसरून ठेवीत. फ्रान्समधील बर्थोले याने १७८५ मध्ये या कामी क्लोरीन वापरून दाखवला. पण वायू हाताळणे कामगारांना फार त्रासाचे होते. ग्लासगोच्या चार्ल्स टेनंटने तो विरलेल्या चुन्यात शोषून कोरडे चूर्ण बनवले व १७९९ मध्ये त्याचे पेटंट घेतले. महिन्यांचे काम दिवसांवर आले.

जंतुनाशक म्हणून या द्रव्याची ओळख नंतरची. १८४७ मध्ये व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात सेमेलवाइसने डॉक्टरांना क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुवायला लावले आणि बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने घटले.

आता सांध्यांकडे वळू. पांढऱ्या सिमेंटचा सांधा घट्ट दिसला तरी सच्छिद्र असतो. बुरशीचे तंतू त्या छिद्रांत शिरतात. साबणाचा थर आणि अंगाचा मळ हे त्यांचे खाद्य. विरंजक द्रावण वरचे तंतू मारते, काळा रंग उडवते. खोलवरचे तंतू मात्र वाचू शकतात. कापडाचा रंग गेला की काम संपते, इथे ते संपत नाही. ओल राहिली की बुरशी पुन्हा वाढते.

मग काही जण बाथरूमचे आम्ल ओततात. आम्लाने सिमेंट झिजते, सांधा खडबडीत होतो आणि बुरशीला अधिकच जागा मिळते. त्याहून गंभीर गोष्ट अशी, की आम्ल आणि विरंजक चूर्ण एकत्र आले तर शीलला मिळालेला तोच विषारी वायू आपल्या बंद न्हाणीघरात तयार होतो. १९१५ मध्ये हाच वायू युद्धात शस्त्र म्हणून वापरला गेला. ही दोन्ही द्रव्ये कधीही एकत्र करू नयेत, हे विद्यार्थ्यांना आवर्जून सांगायला हवे.

खरा उपाय साधा आहे. सांधे आधी साबणाच्या पाण्याने ब्रशने घासावेत व धुवावेत. मग खिडकी उघडी ठेवून विरंजकाचे सौम्य द्रावण दहा मिनिटे लावून पुन्हा धुवावे. गळका नळ दुरुस्त करावा, फुटलेला सांधा भरून घ्यावा, आंघोळीनंतर भिंत पुसून वारा खेळू द्यावा. चूर्ण डाग घालवते. बुरशीला दूर ठेवतो तो कोरडेपणा.