घासाघीस आली ती पर्याय आल्यावर

मोटार घेताना भाव करणे आज हक्काचे वाटते. साठ-सत्तरच्या दशकांत मात्र मुंबईच्या गिऱ्हाइकाला भाव करायला जागाच नव्हती. कुर्ल्याच्या कारखान्यातली फियाट किंवा बंगालमधली अ‍ॅम्बेसेडर, एवढीच काय ती मुख्य निवड. पैसे भरायचे, नंबर लावायचा आणि वर्षानुवर्षे वाट पाहायची. गाडी चालवून पाहण्याचा प्रश्नच नव्हता. मिळेल तो रंग घ्यायचा.

सरकारने १९५९च्या आदेशाने मोटारींच्या वाटपावर नियंत्रण आणले, तर १९६९मध्ये किमतीही बांधून दिल्या. प्रीमियर ऑटोमोबाइल्स त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेली. पण कागदावरची किंमत बांधली, तरी टंचाई कशी बांधणार? ज्याचा नंबर लागे त्याची गाडी दुसरा जास्त पैसे देऊन, म्हणजे ‘ऑन’ मोजून, उचलत असे. सौदा व्हायचा, पण भाव चढवण्यासाठी. सामान्य पगारदारावर हा सरळ अन्यायच होता.

डिसेंबर १९८३मध्ये मारुती ८०० आली, तिच्यासाठीही रांगा लागल्या.

खरा पालट १९९३मध्ये मोटार उद्योगावरचे परवान्याचे बंधन गेल्यावर झाला. सिएलो, सँट्रो, पुण्यात घडलेली इंडिका अशी नवी नावे शोरूममध्ये आली. आता विक्रेताच गिऱ्हाइकाच्या दारी टेस्ट ड्राइव्हची गाडी आणू लागला. घरच्यांना मागे बसवून घाट चढून पाहावा, एसी लावून गर्दीत क्लच जोखावा. अशी लांबलचक चाचणी मागायला आजही संकोचू नये. शोरूमची किंमत हलत नसेल, तर विमा, अ‍ॅक्सेसरीज आणि जुन्या गाडीचा भाव यांवर बोलणी होतात.