संवेदी साधने (बालकांसाठी)

आवाज, स्पर्श, प्रकाश, चव, वास किंवा हालचाल यांना नेहमीपेक्षा फार तीव्र अथवा फार मंद प्रतिसाद देणाऱ्या मुलांना खाणे, झोपणे, शिकणे, खेळणे सोपे जावे म्हणून वापरायच्या वस्तू. कानांवर लावायचे आवाजरोधक, चावायची सिलिकोनची साधने, वजनदार पांघरूण, झोपाळा, हातात चाळवायच्या वस्तू, विशिष्ट पोताचे कपडे ही त्यांची प्रमुख उदाहरणे. साधन हा उपचार नव्हे. मुलाला नेमकी कोणती अडचण कोणत्या प्रसंगी येते, यावरच त्याची उपयुक्तता ठरते.

संकल्पनेचा उगम : अमेरिकन व्यवसायोपचारतज्ज्ञ व मानसशास्त्रज्ञ ए. जीन एअर्स (१९२०–८८) यांनी १९६० च्या दशकापासून संवेदी एकात्मीकरणाचा सिद्धांत मांडला आणि १९७२ मध्ये तो ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. परिचित पाच ज्ञानेंद्रियांच्या जोडीने त्यांनी दोन जाणिवांना मध्यवर्ती स्थान दिले : आंतरकर्णातून मिळणारी तोलाची व हालचालीची जाणीव, आणि स्नायू-सांध्यांतून मिळणारी शरीराच्या स्थितीची जाणीव. भूक, तहान, लघवीची भावना अशी शरीरांतर्गत जाणीवही आता यांत धरली जाते. १९९० च्या दशकात विनी डन यांनी मुलांचे प्रतिसाद चार प्रकारांत मांडले : संवेदना उशिरा टिपणारे, संवेदना शोधत फिरणारे, संवेदनांनी चटकन त्रासणारे आणि संवेदना टाळणारे. एकच मूल वेगवेगळ्या इंद्रियांबाबत वेगवेगळ्या प्रकारांत बसू शकते. मिक्सर सुरू होताच कान झाकणारे मूल गुडघा फुटला तरी रडत नाही, असे दिसते ते यामुळेच.

निदानातील स्थान : संवेदन-प्रक्रियेतील दोष हे स्वतंत्र निदान मानावे की नाही, यावर एकमत नाही. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०१३ च्या निदान-पुस्तिकेत (डीएसएम-५) त्याला वेगळी नोंद मिळाली नाही. मात्र संवेदनांना अति किंवा अल्प प्रतिसाद देणे हे स्वमग्नतेच्या निकषांत प्रथमच समाविष्ट झाले. अमेरिकन बालरोग अकादमीने २०१२ मध्ये हे स्वतंत्र निदान म्हणून सामान्यतः वापरू नये, असा सल्ला दिला. संवेदी उपचार हे व्यापक उपचारयोजनेचा एक भाग म्हणून चालू शकतात, पण त्यांचा पुरावा मर्यादित असल्याचे पालकांना सांगावे, असेही म्हटले. भारतात दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या २१ प्रकारांत स्वमग्नता व विशिष्ट अध्ययन अक्षमता आहेत. संवेदन-प्रक्रियेतील अडचण स्वतंत्रपणे नाही.

निवडीपूर्वीची तपासणी : साधन घेण्याआधी शारीरिक कारणे तपासणे आवश्यक असते. हाकेला ओ न देणाऱ्या मुलाची श्रवणचाचणी, पुस्तक डोळ्यांजवळ धरणाऱ्याची दृष्टितपासणी करतात. सतत कपडे चावणाऱ्या मुलाचे दात व हिरड्या पाहतात. माती, खडू, भिंतीचे पोपडे खाण्यामागे अनेकदा लोहाची कमतरता असते. तिथे चावण्याचे साधन देऊन मूळ आजार झाकला जाण्याचा धोका असतो.

त्यानंतर निरीक्षणाची नोंद ठेवतात. ‘शाळेत त्रास देतो’ या नोंदीतून साधन निवडता येत नाही. ‘मधल्या सुट्टीची घंटा झाली की बाकाखाली बसतो, वर्ग रिकामा झाला की बाहेर येतो’ या नोंदीतून येते. प्रसंगाआधी काय घडले, मुलाने काय केले आणि कशाने ते शांत झाले, या तीन बाबी पुरेशा असतात. बऱ्याचदा परिस्थिती बदलल्यानेच प्रश्न सुटतो : घंटेपासून दूरचा बाक, शर्टाच्या मानेमागचे लेबल कापणे, लुकलुकणारी ट्यूबलाइट बदलणे. हे उपाय थिटे पडतात तिथे साधनाचा विचार होतो.

साधनांचे प्रकार :

(१) आवाज कमी करणारी. कान झाकणारे आवाजरोधक ढोल-ताशा, फटाके, लग्नाची वरात किंवा रेल्वे स्थानक अशा ठरावीक प्रसंगी उपयोगी पडतात. ते दिवसभर लावून ठेवल्यास सौम्य आवाजही असह्य वाटू लागण्याची शक्यता असते, शिवाय बोलणे ऐकण्याची संधी जाते. म्हणून ते मुलाच्या दप्तरात असावेत आणि गरजेपुरते वापरावेत, असा संकेत आहे. रस्त्यावर चालताना ते वापरल्यास मोठ्या माणसाने हात धरणे आवश्यक असते.

(२) खोल दाब देणारी. वजनदार पांघरूण, वजनदार जाकीट, अंगाला घट्ट बसणारे लवचीक कपडे. खोल दाबाच्या परिणामाकडे लक्ष वेधणाऱ्यांत टेंपल ग्रँडिन यांचे नाव महत्त्वाचे आहे. स्वतः स्वमग्न असलेल्या ग्रँडिन यांनी किशोरवयात ॲरिझोनातील मावशीच्या पशुपालन केंद्रावर गुरांना लस टोचताना धरून ठेवणारा सापळा पाहिला आणि त्यावरून स्वतःसाठी दाबयंत्र बनवले. १९९२ मध्ये त्यांनी त्यावर शास्त्रीय लेख लिहिला. त्या यंत्राचा दाब वापरणाऱ्याच्या हातात होता, हा त्याचा सर्वांत महत्त्वाचा गुण. वजनदार पांघरुणाबाबतचा पुरावा मात्र संमिश्र आहे. ब्रिटनमधील ६७ स्वमग्न मुलांवरील २०१४ च्या चाचणीत त्याने झोपेचा एकूण काळ वाढला नाही. तरीही मुलांनी व पालकांनी साध्या पांघरुणापेक्षा तेच पसंत केले. वजन शरीराच्या सुमारे १० टक्के असावे, हा प्रचारातला आडाखा आहे, चाचण्यांतून सिद्ध झालेला नियम नव्हे.

(३) चावण्याची. पेन्सिलीची टोके, बाह्या, नखे चावणाऱ्या मुलांसाठी खाद्यपदार्थांना चालणाऱ्या सिलिकोनच्या नळ्या व पदके मिळतात. गळ्यात घालायच्या दोरीला ताण पडताच सुटणारी कडी असावी लागते. झोपेत हे साधन काढून ठेवतात आणि चीर पडताच टाकून देतात. जेवणात गाजर, काकडी, भाजलेले चणे, कडक भाकरी यांनीही ही गरज काही अंशी भागते. मात्र चणे-दाणे लहान मुलांच्या घशात अडकू शकतात.

(४) हात गुंतवणारी. दाबायचे चेंडू, पिळायच्या पट्ट्या, खडबडीत पोताचे तुकडे. मुलाची नजर त्या वस्तूकडे गेली, तर ते साधन न राहता खेळणे होते. २०१७ मध्ये जगभर खपलेल्या फिजेट स्पिनरबाबत हेच घडले : ते अवधान वाढवते, असा दावा होता, पण फिरणारी वस्तू डोळ्यांना खेचते आणि वर्गात लक्ष उलट विचलित होते. न पाहता, आवाज न करता हाताळता येणारी वस्तू अधिक योग्य.

(५) हालचालीची. झोपाळा, ट्रॅम्पोलिन, मोठा चेंडू. संथ, एका दिशेचे झोके बहुधा शांत करतात, तर गरगर फिरणे उत्तेजित करते, असा उपचारकांचा अनुभव आहे. परिणाम लगेच दिसेल असे नाही. मळमळ, घाम किंवा चेहरा पांढरा पडणे ही थांबण्याची खूण.

(६) जोर लावण्याची कामे. याला उपचारकेंद्रांत ‘हेवी वर्क’ म्हणतात आणि यासाठी विकत काहीच आणावे लागत नाही. कणीक मळणे, अर्धी भरलेली बादली उचलून झाडांना पाणी घालणे, खलबत्त्यात दाणे कुटणे, ओले कपडे पिळणे, अंथरुणांची वळकटी उचलून ठेवणे यांतून स्नायू-सांध्यांना भरपूर संवेदना मिळतात. मूल घरकामात सहभागी होते, हा वेगळा लाभ.

सुरक्षितता : वजनदार पांघरूण मुलाला स्वतःच्या हाताने झटकता आलेच पाहिजे, त्यात गुंडाळून ठेवणे किंवा शिक्षा म्हणून वापरणे जिवावर बेतू शकते. कॅनडातील क्वेबेकमध्ये २००८ मध्ये शाळेत अशा पांघरुणात गुंडाळलेल्या नऊ वर्षांच्या स्वमग्न मुलाचा मृत्यू झाला. झोपलेल्या तान्ह्या बाळावर किंवा त्याच्याजवळ वजनदार वस्तू ठेवू नये, असे अमेरिकन बालरोग अकादमीने २०२२ मध्ये स्पष्ट केले. पाण्यात फुगणारे जेलीचे मणी गिळल्यास आतड्यात फुगून अडथळा करतात; गोल बॅटऱ्या व छोटी चुंबकेही घातक. फिट येणाऱ्या मुलासाठी लुकलुकते दिवे वैद्यकीय सल्ल्याशिवाय वापरत नाहीत. झोपाळ्याचा हूक छताच्या काँक्रीटमध्ये पक्का असावा आणि खाली गादी असावी.

पुरावा : साधनांवरील आणि संपूर्ण उपचारपद्धतीवरील संशोधन वेगळे समजले पाहिजे. एअर्स यांच्या सिद्धांतावर आधारलेल्या उपचारपद्धतीवरील २०१४ च्या एका अमेरिकन चाचणीत ३२ स्वमग्न मुलांपैकी उपचार मिळालेल्या गटाने ठरवलेली वैयक्तिक उद्दिष्टे अधिक प्रमाणात गाठली. १३८ मुलांवरील, २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश चाचणीत मात्र नेहमीच्या सेवेपेक्षा वर्तनात लक्षणीय फरक आढळला नाही. सुट्या साधनांचे अभ्यास बहुतांशी छोट्या गटांवरील आहेत. त्यामुळे ‘सर्व मुलांसाठी उपयुक्त’ हा वेष्टनावरचा दावा निराधार ठरतो.

महाराष्ट्रातील सोयी : भारतात व्यवसायोपचाराचे शिक्षण १९५० मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात कमला निंबकर यांच्या पुढाकाराने सुरू झाले. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ २०१३ मध्ये पालघर येथे झाला. त्याखाली अंगणवाडी व शाळांतील तपासणीत विकासातील विलंब आढळलेल्या मुलांना जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतात. साधनांचा महागडा संच घेण्यापूर्वी अशा केंद्रातील किंवा खासगी व्यवसायोपचारतज्ज्ञाकडून मूल्यमापन करून घेणे आणि शक्य तर साधन तिथेच वापरून पाहणे सोयीचे पडते.

उपयोगाचे मूल्यमापन : एका वेळी एकच साधन, एकाच प्रसंगासाठी, दोन ते तीन आठवडे वापरून पाहावे. उद्दिष्ट मोजता येईल असे हवे : ‘शांत होतो’ ऐवजी ‘जेवताना दहा मिनिटे ताटावर बसतो’. साधनाविना आठवडाभराची नोंद आधी घेतलेली असल्यास तुलना शक्य होते. शिक्षक, आजी-आजोबा व सांभाळणारी ताई यांना साधन कधी द्यायचे आणि कधी काढायचे, हे सारखेच माहीत असावे. बक्षीस म्हणून ते देणे किंवा शिक्षा म्हणून हिसकावणे टाळावे. ठरवलेल्या मुदतीत फरक न दिसल्यास, किंवा मुलाने ते वारंवार भिरकावल्यास, साधन बदलावे. फरक दिसल्यास काही महिन्यांनी त्याची गरज पुन्हा तपासावी. वाढत्या वयात मूल ‘मला आवाज होतोय, बाहेर जाऊ’ असे स्वतः सांगू लागले, तर त्या प्रसंगापुरते साधन बंद करता येते.