प्रस्तावना : एक लाकडी जहाज वाचताना

सोलापुरात समुद्र नाही. सात रस्त्यावरून पश्चिमेला निघालेल्या माणसाला खारे पाणी दिसायच्या आधी घाट उतरावा लागतो. त्यामुळे जहाजांच्या इतिहासात आपण परके, असे इथल्या वाचकाला वाटते. ते वाटणे जावे म्हणून हे चार शब्द.

जमशेटजी बोमनजी वाडियांनी बांधलेली ‘त्रिंकोमाली’ ही शिडांची युद्धनौका १२ ऑक्टोबर १८१७ रोजी मुंबईत पाण्यात उतरली. चोवीस दिवसांनी खडकीची लढाई झाली आणि पुढच्या मे महिन्यात सोलापूरचा भुईकोट इंग्रजांनी घेतला. पुस्तकांत या घटना वेगवेगळ्या कपाटांत असतात. मला त्या एका पानावर हव्यात, कारण ज्या सत्तेने आपला किल्ला घेतला तिची जहाजे आपल्याच किनाऱ्यावर, इथल्या कारागिरांच्या हातून घडत होती.

या जहाजाची जन्मकथा विलक्षण आहे. नेपोलियनशी युद्ध चालू असताना, १८१२ साली ते बांधण्याचा हुकूम निघाला. आराखडे घेऊन ‘जावा’ हे जहाज मुंबईकडे निघाले. डिसेंबरमध्ये ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकेच्या ‘कॉन्स्टिट्यूशन’ने त्याला हरवले आणि आराखडे गेले. नवे येईपर्यंत वर्षे सरली. १८१६ मध्ये कणा बसवला, तेव्हा वॉटर्लू होऊन गेले होते. ज्या युद्धासाठी मागवले ते संपलेले! इंग्लंडला पोहोचल्यावर १८४५ पर्यंत ते पोर्ट्समथला राखीव म्हणून उभेच राहिले. गंमत म्हणजे आराखडे बुडवणारी ‘कॉन्स्टिट्यूशन’ बोस्टनमध्ये आणि ‘त्रिंकोमाली’ हार्टलपूलमध्ये, दोन्ही आजही पाण्यावर आहेत.

‘त्रिंकोमाली’ टिकली यामागे मलबारचे सागवान आहे. विलायती ओकमधल्या आम्लाने लोखंडी खिळे गंजतात; सागाच्या अंगचे तेल लाकूड आणि खिळे दोन्ही जपते. जुन्या वाड्याच्या सागवानी दारावरून हात फिरवलेल्या वाचकाला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

या विषयात कागदपत्रांइतकेच लाकूडही वाचावे लागते: सांधा कुठे आहे, फळी कधी बदलली, खिळा तांब्याचा की लोखंडाचा. म्हणून पहिले प्रकरण सागवानावर आहे. तोफांच्या पानांकडे धावण्याची घाई झाली तरी ते वगळू नका.

सात रस्ता, सोलापूर