संवर्धित बाह्यत्वचा

रुग्णाच्या स्वतःच्या त्वचेतील पेशी प्रयोगशाळेत वाढवून तयार केलेला, शरीरावर रोपता येणारा पापुद्रा. अतिशय भाजलेल्या मुलांवर आणि कातडीला सतत फोड आणणाऱ्या आनुवंशिक रोगांवर त्याने उपचार झाले आहेत.

संवर्धनाची पद्धत हॉवर्ड ग्रीन व जेम्स राइनवाल्ड यांनी १९७५ मध्ये अमेरिकेत मांडली. उंदराच्या पेशींचे विभाजन किरणोत्साराने थांबवून त्यांच्या थरावर माणसाच्या त्वचापेशी वाढवल्या जातात. १९८३ मध्ये वायोमिंग राज्यातील दोन लहान भाऊ ९५ टक्क्यांहून अधिक भाजले. रोपण करायला अंगावर धड कातडीच उरली नव्हती. बॉस्टनच्या रुग्णालयात काखेतील छोट्या तुकड्यांपासून वाढवलेले पापुद्रे रोपल्यावर दोघेही वाचले.

आनुवंशिक रोगात आधी पेशीतला दोष काढावा लागतो. 'जंक्शनल एपिडर्मोलिसिस बुलोसा' या रोगाच्या एका प्रकारात बाह्यत्वचेला खालच्या थराशी घट्ट धरून ठेवणारे लॅमिनिन-३३२ हे प्रथिन नीट बनत नाही. नुसत्या घासण्यानेही कातडी सुटून येते. २०१५ मध्ये जर्मनीतील बोखुम येथे असा सात वर्षांचा मुलगा दाखल झाला. वडिलांच्या त्वचेचे रोपणही टिकले नाही. तेव्हा त्याच्या जांघेतील अवघा ४ चौरस सेंटिमीटरचा तुकडा इटलीत मोदेना येथे मिकेले दे लूका यांच्या प्रयोगशाळेत गेला. विषाणूवाहकाद्वारे पेशींत निर्दोष जनुक घालून ०.८५ चौरस मीटर पापुद्रे वाढवण्यात आले. तीन शस्त्रक्रियांत शरीराची सुमारे ८० टक्के बाह्यत्वचा बदलली. मुलगा शाळेत जाऊ लागला. पाच वर्षांनंतरही त्वचा शाबूत होती.

त्वचा नेमक्या कोणत्या पेशी टिकवून धरतात हा मूलभूत प्रश्नही या उपचाराने सुटला आणि त्याचे मोल उपचाराइतकेच मानावे लागेल. विषाणूवाहक प्रत्येक पेशीच्या जनुकसंचात वेगळ्या जागी शिरतो. ती जागा पुढच्या पिढ्यांतही कायम राहत असल्याने कोणत्या पेशीचा वंश टिकला हे तपासता आले. बहुतेक वंश काही महिन्यांत संपले. दीर्घायुषी मूळपेशींच्या मोजक्या वंशांनीच सगळी त्वचा तोलून धरली होती. म्हणून पापुद्रा केवढा मोठा यापेक्षा त्यात या पेशी किती जगल्या, हे पाहणे महत्त्वाचे ठरते.

अशा त्वचेत केस व घर्मग्रंथी नसतात. तोंडाच्या व अन्ननलिकेच्या अस्तरातील फोडांवर तिचा उपयोग होत नाही. घातलेले जनुक भलत्या जागी बसल्यास कर्करोगाचा संभव असल्याने रुग्णावर दीर्घकाळ लक्ष ठेवावे लागते.