लातूरचा अडकित्ता घेताय? चकाकी नको, पातं बघा

लातूरचे अडकित्ते नावाजलेले. पण नक्षीवर भुलू नका, परीक्षा पात्याची असते. धार टिकते ती पोलादातल्या कार्बनमुळे. ट्रकच्या कमानपाट्यात तो साधारण ०.५ ते ०.६ टक्के असतो, म्हणून लोहारांना जुने पाटे आवडतात. साध्या लोखंडात तो पाव टक्क्याहूनही कमी. त्याला कितीही पाणी द्या, मऊच राहणार. ‘पाणी देणं’ म्हणजे लालबुंद पातं पाण्यात किंवा तेलात बुडवून कडक करणं. नुसतं कडक पातं मात्र सुपारीवर तडकतं, म्हणून ते पुन्हा हलकं तापवतात. स्वस्त स्टेनलेस गंजत नाही, पण लवकर बोथट होतं.

दुकानदाराला विचारून काठावर कानस फिरवा. घसरली तर पातं कडक, कीस निघाला तर मऊ.

(सुपारी कर्करोगकारक असल्याचं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००४ मध्येच सांगितलंय. मोठा अडकित्ता घ्या, लोणच्याच्या कैऱ्या फोडा.)